बी समरी

आप्पांना बोलावणं आलं ते निवाडा करायला. निदान बोलावणाऱ्यांची तशी समजूत होती. महाराष्ट्र पोलिसांत फौजदार म्हणून लागलेला, सहायक पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. सगळी नोकरी यवतमाळ-अमरावतीकडे. आता लेकीकडे बॉथेलला सहा महिन्यांसाठी आलेला. खरं-खोटं त्याला नाही कळणार तर कोणाला?

प्रकरण असं होतं. बॉथेल, मिल क्रीक, वुडिनव्हिल या पट्ट्यातली वीसेक मराठी घरं दरवर्षी हौसेनं एक नाटक बसवायची. तालमी मिल क्रीकच्या एका घरात, वरच्या बोनस रूममध्ये. तालीम संपली की ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना घरी सोडायचं काम एका गृहस्थांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. सगळे त्यांना दादा म्हणायचे. कोणाचे आईवडील सी-टॅक विमानतळावर उतरणार असले की दादा हजर. बर्फ पडला की शेजारच्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ फावड्यानं काढणारे दादा. गणपतीत तीनशे माणसांची खिचडी तेच टाकायचे.

नाटकात धाकट्या सुनेचं काम करणारी मुलगी पंचविशीची, नांदेडची. एमएस करून नुकतीच नोकरीला लागलेली. कॅनियन पार्कला एका घरात खोली घेऊन राहणारी. गाडी नव्हती. तिनं एका वहिनींना सांगितलं की घरी सोडताना दादांनी गाडी बॉथेल लँडिंगच्या पार्कजवळ, नदीकाठच्या पार्किंगात थांबवली, आणि ती नको म्हणत असताना ऐकलं नाही. पुढचं तिनं दोन वाक्यांत सांगितलं. ती दोन वाक्यं इथे लिहायची गरज नाही.

वहिनींनी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं ग्रुपच्या अध्यक्षांना, आणि रविवारपर्यंत ते वीस घरांत पोचलं. पोचताना प्रत्येक घरी त्यात एकेक शंका जमा होत गेली. घटना घडली गुरुवारी आणि मंगळवारच्या तालमीला ती आली होती की! संवाद चोख म्हटले, विनोदाला हसली, वर कोणाला तरी लसणाच्या चटणीचं प्रमाण विचारलं. सांगितलं ते तीन आठवड्यांनी. सांगताना रडली नाही. एकाला कुठून तरी ठाऊक होतं की गुन्ह्याची बळी ठरलेल्याला इथे यू व्हिसा मिळू शकतो. त्यानं ते नुसतं बोलून दाखवलं, आरोप असा काही केला नाही.

“तुम्ही फक्त तिच्याशी बोला, आप्पा,” अध्यक्ष फोनवर म्हणाले. “खोटं बोलत असली तर तुम्हाला पाच मिनिटांत कळेल.”

आप्पांना एकदा पाच मिनिटांत कळलं होतं.

१९९१ साल, यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठाणं. कापूस वेचायला जाणारी एक बाई कडेवर पोर घेऊन आली. फिर्याद गावच्या रेशन दुकानदाराविरुद्ध. दुकानदार भजनात पेटी वाजवायचा, ठाण्यातल्या निम्म्या शिपायांना नावानं ओळखायचा. बाईनं जबाब दिला तो कोरडा, मध्येच पोराचं नाक पदरानं पुसत. आधी म्हणाली तिन्हीसांजेला, मग म्हणाली कंदील लावायच्या आधी. आणि जबाब अर्ध्यावर असताना तिनं विचारलं, “साहेब, साडेपाचची यस्टी हाय माई, अजून किती टाइम लागन?”

फौजदारसाहेबांना तिथंच कळलं. जिच्यावर असा प्रसंग ओढवला ती बाई एसटीची वेळ विचारेल? दुकानदाराला बोलावलं तर तो हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून उभा. उधारी थांबवली म्हणून सूड घेते आहे, म्हणाला. आप्पांनी तपास उरकला आणि कोर्टात बी समरी पाठवली. पोलिसांच्या भाषेत ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही. सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार. आणि बी समरी म्हणजे फिर्यादच खोटी, तीही जाणूनबुजून केलेली. कोर्टानं समरी मंजूर केली.

तीन वर्षांनी शेजारच्या तालुक्याच्या ठाण्यातून फोन आला. तोच दुकानदार, गुन्हा तोच, बाई दुसरी. तपासी अंमलदारानं विचारलं, तुमच्या हद्दीत याच्यावर काही आहे का? आप्पांनी रजिस्टर उघडलं. होतं, पण ते खोटं ठरलेलं. “काही नाही,” त्यांनी सांगितलं. जामिनाच्या सुनावणीत दुकानदाराच्या वकिलानं ठासून मांडलं की माझ्या अशिलाविरुद्ध पूर्वीचा एकही गुन्हा नाही. दुकानदार जामिनावर सुटला आणि आठवडाभरात साक्षीदार फिरले.

आप्पांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. बॉथेलला मात्र त्यांना ते दर दोन दिवसांनी आठवत होतं, कारण लेकीनं नेटफ्लिक्सवर ‘अनबिलिव्हेबल’ ही मालिका लावली होती. आप्पांनी तिसऱ्या भागाला उठून पाणी प्यायलं आणि नातीला म्हणाले, ही खरी गोष्ट असली तर मला मुळातलं वाचून दाखव. (आप्पा आणि त्यांचा नाटकाचा ग्रुप ही कथेतली माणसं, इथून पुढे येणारे खटले मात्र खरे, कागदोपत्री आहेत.)

गोष्ट खरी होती, आणि घराला लागून होती. बॉथेलहून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर लिनवुड. तिथे ऑगस्ट २००८ मध्ये १८ वर्षांच्या एका मुलीनं तक्रार दिली की एक माणूस चाकू घेऊन घरात शिरला, बांधून ठेवलं, अत्याचार केला, फोटो काढले. मुलगी लहानपणापासून या पालक घरातून त्या पालक घरात वाढलेली, नुकतीच स्वतःच्या खोलीत राहायला आलेली. तिला आधी सांभाळलेल्या दोन बायकांना शंका आली: ही इतक्या शांतपणे कशी सांगते? एकीनं ती शंका पोलिसांच्या कानावर घातली. जबाबांत बारीकसारीक फरक निघाले. पोलिसांनी तिलाच उलटसुलट विचारायला सुरुवात केली आणि शेवटी तिनं लिहून दिलं की मी खोटं बोलले. तिच्यावर खोटी तक्रार दिल्याचा गुन्हा लागला, वर ५०० डॉलर कोर्टखर्च.

दोन महिन्यांनी किर्कलंडमध्ये ६३ वर्षांच्या बाईवर तसाच हल्ला झाला. किर्कलंडच्या पोलिसांनी लिनवुडकडे चौकशी केली. उत्तर मिळालं: आमची ती तक्रार खोटी होती.

“थांब,” आप्पा नातीला म्हणाले. “नकाशा दाखव.”

नातीनं फोनवर नकाशा काढला. वायव्येला लिनवुड, स्नोहोमिश काउंटीत. दक्षिणेला किर्कलंड, किंग काउंटीत. दोन्हींच्या मधोमध बॉथेल, आणि काउंटीची सीमा थेट बॉथेलच्या पोटातून गेलेली. आप्पांनी बोटानं ती रेघ दोनदा गिरवली. हद्द काय असते हे पोलिसाला शिकवावं लागत नाही, आणि मुरलेल्या गुन्हेगारालाही. या दोन्ही हल्ल्यांमागचा मार्क ओ’लिअरी नावाचा माणूस पोलिसांच्या तपासाचा अभ्यास करून होता. वेगवेगळी पोलीस खाती एकमेकांशी बोलत नाहीत हे ओळखून तो गाव बदलत राहायचा. सापडला तो २०११ मध्ये कोलोरॅडोत, आणि कसा? गोल्डन गावची एक महिला डिटेक्टिव्ह घरी नवऱ्याशी आपल्या केसबद्दल बोलली. नवरा शेजारच्या वेस्टमिन्स्टरच्या पोलिसांत. तो म्हणाला, आमच्याकडेही अशीच एक आहे. घरातल्या गप्पांत दोन हद्दींचे कागद एकत्र आले आणि पुढच्या काही आठवड्यांत माणूस आत गेला. त्याच्या कॅमेऱ्यात लिनवुडच्या त्या मुलीचा फोटो निघाला. त्याला ३२७ वर्षं सहा महिन्यांची शिक्षा झाली. लिनवुडनं मुलीला ५०० डॉलर परत केले, पुढे दाव्यात दीड लाख दिले. त्या खात्यानं २००८ ते २०१२ मध्ये आलेल्या बलात्काराच्या ४७ तक्रारींपैकी १० बिनबुडाच्या ठरवल्या होत्या, म्हणजे २१ टक्के. तेवढ्याच आकाराच्या शहरांची देशातली सरासरी होती चार टक्क्यांच्या आसपास.

“म्हणजे यांचीसुद्धा बी समरी,” आप्पा म्हणाले.

नात युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या बॉथेल कॅम्पसवर मानसशास्त्र शिकत होती. हिवाळ्यात तिथल्या पाणथळ जागेवर संध्याकाळी हजारो कावळे मुक्कामाला येतात; तिचा तास सुटला की आप्पा ते बघायला जायचे आणि मग दोघं नदीकाठानं चालत परतायचे. त्या चालण्यात आप्पांचा एकच प्रश्न असायचा: असा माणूस असतो कसा?

तिनं जे वाचलं होतं ते सांगितलं, आणि त्यानं आप्पांची निराशाच झाली. त्यांना एखादी खूण हवी होती. निकोलस ग्रोथ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं शेकडो गुन्हेगारांना तपासून १९७९ मध्ये लिहिलं की या गुन्ह्यामागे वासनेपेक्षा सत्ता गाजवायची भूक आणि राग मोठा असतो. डायना स्कली आणि जोसेफ मरोला यांनी व्हर्जिनियाच्या तुरुंगांतल्या ११४ कैद्यांशी बोलून त्यांची समर्थनं गोळा केली. काही जण सरळ नाकारायचे: तिचीच इच्छा होती, ती तसलीच होती. काही कबूल करायचे, पण दारूवर किंवा अडचणींवर ढकलून. आणि मी मुळात चांगला माणूस आहे, हे शेपूट बऱ्याचदा. आप्पांना यवतमाळचा दुकानदार आठवला. त्याची वाक्यं यातलीच होती, फक्त वऱ्हाडीत.

मग डेव्हिड लिसॅक आणि पॉल मिलर यांचा २००२ चा अभ्यास. कॉलेजात शिकणाऱ्या १,८८२ पुरुषांना बलात्कार हा शब्द न वापरता कृतीबद्दल विचारलं. कायद्याच्या व्याख्येत बसेल असं १२० जणांनी स्वतःहून सांगितलं. त्यांतल्या ७६ जणांनी ते एकापेक्षा जास्त वेळा केलं होतं. कोणाच्याही नावावर त्याबद्दल खटला नव्हता. हे सगळेच पुन्हा पुन्हा करणारे असतात असं नाही. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासानं त्या समजुतीला धक्का दिला, हेही नातीनं सांगितलं. पण आप्पा अडकले ते ‘खटला नाही’ यावर. म्हणजे ज्यांच्यावरून गुन्हेगार असा असतो हे आपण ठरवतो ते पकडले गेलेले. बाकीचे बाहेर, खिचडी टाकताहेत.

तोंडावळ्यावरून ओळखण्याचं म्हणाल तर हा प्रदेशच त्याला उत्तर आहे. आप्पा जिच्या काठानं चालायचे ती नदी समामिश सरोवरातून येते. १४ जुलै १९७४ ला त्या सरोवराच्या उद्यानात टेड बंडी हात गळ्यात बांधून पोरींना होडी उचलायला मदत मागत फिरत होता. त्या एका दिवसात दोघी गेल्या. त्याच्या तीन वर्षं आधी तो सिअ‍ॅटलमध्ये संकटात सापडलेल्यांचे फोन घ्यायचा, आणि शेजारच्या खुर्चीवर बसायची अ‍ॅन रूल, पूर्वाश्रमीची पोलीस. तिला तो सज्जन वाटला. केनवर्थ कारखान्यात ट्रक रंगवणारा गॅरी रिजवे १९८४ मध्ये खोटं पकडण्याच्या यंत्रासमोर बसला आणि पास झाला; २००३ मध्ये त्यानं ४८ खून कबूल केले. ही टोकाची उदाहरणं आहेत, मान्य. पण टोकाच्यांनासुद्धा शिंगं नव्हती तर मधल्यांना कुठून असणार? आपल्याकडच्या २०२१ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत बलात्काराच्या शंभरातल्या शहाण्णव प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता.

एका संध्याकाळी नात सहज बोलून गेली, “आजोबा, ते लोक मुलगी निवडतात ना, तेव्हा हेच बघतात. हिच्यावर कोण विश्वास ठेवेल?”

आप्पा बोलले नाहीत. कापूस वेचणारी बाई. पालक घरांतून फिरलेली पोरगी. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी जिच्यावर अत्याचार केला ती आदिवासी मुलगी; सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये दोघांना सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही. (त्या निकालावर चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. आप्पा त्या बदलानंतरचेच फौजदार होते, आणि तरीही एसटीची वेळ धरून बसायचं ते बसलेच.) तक्रार करणारीची पत नसते म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, इतकंच आप्पा आजवर समजत होते. पत नाही म्हणूनच ती हेरली जाते, हा हिशेब त्यांना पोलिसी नोकरीत कोणी दिला नव्हता. फौजदार उद्या काय शेरा मारणार हे दुकानदाराला आदल्या दिवशीच ठाऊक होतं.

शनिवारी मिल क्रीकच्या घरी दहा-बारा जण जमले. दिवाळीचा उरलेला चिवडा, चहा. दादांना बोलावलं नव्हतं. मुलीला वरच्या खोलीत बसवून ठेवलं होतं, आप्पा आले की खाली आणायचं म्हणून.

“तिला घरी जाऊ द्या आधी,” आप्पा म्हणाले.

“अहो, पण तिला विचारल्याशिवाय…”

“मला तिला काही विचारायचं नाही. तुम्हाला विचारायचं आहे.”

लेक मुलीला घेऊन बाहेर पडली. आप्पांनी खिशातून वही काढली. दादांनी आजवर कोणाकोणाला घरी सोडलं, तेवढं सांगा, म्हणाले. सोपा प्रश्न होता. लोक खुलले. दादांचं कौतुकच होतं त्यात. ही, ती, मागच्या वर्षीची पुण्याची, त्याआधीची टेक्सासला गेलेली. सगळ्या नव्यानं आलेल्या, बिनगाडीच्या, व्हिसाच्या काळजीतल्या.

“त्या गुरुवारी गाडीत कोण कोण होतं?”

“आम्ही दोघं होतो की,” एक वयस्क काकू म्हणाल्या. “आणि ती.”

“तुम्ही राहता कुठे?”

“बॉथेल डाउनटाउनला. लायब्ररीच्या मागे.”

“आधी कोणाला सोडलं?”

“आम्हाला. नेहमी आम्हालाच आधी सोडतात हो. म्हणतात, तुम्ही थकलेले असता.”

आप्पांनी वहीत एक उभी रेघ मारली. “हे मिल क्रीक. इथून खाली बॉथेल-एव्हरेट हायवेनं आलं की आधी काय लागतं?”

कोणी बोललं नाही. तिथल्या प्रत्येकानं तो रस्ता शेकडो वेळा कापला होता. मिल क्रीक, मग कॅनियन पार्क, मग बॉथेल. मुलीचं घर वाटेवर होतं. दादांनी ते मागे टाकून गाडी पुढे नेली होती, काका-काकूंना उतरवलं होतं, आणि मग नदीकाठी, रिकाम्या पार्किंगात, गाडीत ती एकटी.

“दर वेळी असंच?” आप्पांनी काकूंना विचारलं.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. “आमच्या लक्षात नाही आलं कधी,” त्या म्हणाल्या. आणि मग, “हो. दर वेळी.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. यावरून काहीच सिद्ध होत नाही, म्हणाले. ते बरोबर होतं आणि आप्पांनी तसं कबूलही केलं. सिद्ध करायचं काम ना त्यांचं होतं ना चिवडा खाणाऱ्यांचं.

स्वयंपाकघराच्या दारात कपबशा घेऊन एक बाई उभी होती. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आलेली. नवरा प्रवासात असला की एकटीच तालमीला यायची. आता दोन मुलं, स्वतःची गाडी, ग्रुपमध्ये मान.

“मी तेव्हा कॅनियन पार्कलाच राहायचे,” ती म्हणाली. एवढंच. बशा ओट्यावर ठेवून ती नळ सोडून उभी राहिली. तिचा नवरा उठला, बसला, परत उठला.

त्यानंतर जे झालं ते फार शोभेचं नाही. नाटक बंद पडलं. सहा घरं दादांच्या बाजूनं गेली; त्यांच्या मते एका रिकामटेकड्या म्हाताऱ्यानं परदेशात येऊन पोलीसगिरी केली. आप्पांच्या लेकीला दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून न सांगता काढलं गेलं. दादांनी वकील केला आणि बदनामीच्या दाव्याची भाषा सुरू केली.

नांदेडच्या मुलीनं तक्रार द्यायची की नाही हे ठरवायला आणखी नऊ दिवस घेतले. त्या नऊ दिवसांत आप्पांनी तिला एकदाही विचारलं नाही. सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू हॉस्पिटलच्या केंद्रात बोलायला माणसं मिळतात, सोबतीला कोणी येऊ शकतं, एवढं नातीनं शोधून दिलं. मुलगी पोलिसांकडे गेली तेव्हा आप्पा गाडीतच थांबले. आत जावंसं वाटत होतं. तेहतीस वर्षांची सवय. लेकीनं दार लावून घेतलं.

त्याच रात्री घरच्या फोनवर कॅनियन पार्कवाली बाई होती. नवरा काय म्हणतो, मुलांना काय सांगायचं, आठ वर्षांनी कोण ऐकून घेणार, असं बराच वेळ चाललं. आप्पा ऐकत राहिले. मग तिनं विचारलं, “काका, आम्ही दोघी एकत्र जाऊन सांगितलं तर चालेल का? मला एकटीला भीती वाटते.”

“बरोबर जा,” आप्पा म्हणाले. “पण जबाब वेगवेगळा द्या, वेगळ्या खोलीत. आणि तोवर आपापसात त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलू नका. मुद्दाम जुळवून आणलं असं उद्या त्यांच्या वकिलाला म्हणता येता कामा नये.”

ती थांबली. मग म्हणाली, “टेक्सासला गेलेली एक आहे. तिचा नंबर आहे माझ्याकडे.”

“तो मला देऊ नका,” आप्पा म्हणाले. “डिटेक्टिव्हला द्या.”